खांब्याची पदकं

दि. ३ फेब्रुवारी
मुक्काम: पाटीवाल्याचा माळा

ती. आजोबांस,

सा. न. वि. वि. यातलं दुसरं वि. कशाचं ते मला अजून ठाऊक नाही, पण तुमच्या पत्रात असतं म्हणून माझ्याही.

आत्याने सांगितल्याप्रमाणे सैनिकांच्या नोंदणी कचेरीत जाऊन आलो. सोमवारीच निघालो होतो, पण वाटेत एका उंच इमारतीला क्रेनने काचा चढवत होते. ते बघत उभा राहिलो आणि कचेरी बंद झाली. मंगळवारी पाटीवाल्याने दातांच्या एका डॉक्टरची पाटी रंगवायला बसवलं. मी झकास दाढ काढली. डॉक्टर म्हणाले की अशी दाढ माणसाची नसते, घोड्याची असते. सगळी पुसून परत काढावी लागली. बुधवारी मात्र नीट गेलो.

खिडकीवरच्या बाईंना सर्दी झाली होती, त्यामुळे त्या बोलतात कमी आणि हातवारे जास्त. त्यांनी तुमचा कागद काढून दाखवला. भरती, प्रशिक्षण, तारा टाकायचं खातं, इस्पितळ, घरी रवानगी, सगळं आहे. पदकांचा रकाना कोरा. मी म्हटलं की आमच्या घरात तर मोठ्या अभिमानाने सगळे सांगतात, आजोबांना पदक मिळालंय म्हणून. बाईंनी नाक पुसून दुसरं कपाट उघडलं. तर आजोबा, तुम्हाला एक नाही, दोन पदकं मंजूर झालेली आहेत. एक मोहिमेचं, एक शौर्याचं. वाटप झालं तेव्हा तुम्ही घरी आला होता, म्हणून ती तुमच्या फौजेतल्या जोडीदाराकडे दिली, तुम्हाला पोचवायला. पोचल्याची पावती मात्र कचेरीत कधी आलीच नाही, आणि पावती नाही तर नोंद नाही. बाईंनी कोरी पावती दिली आहे. त्यावर छापलंय की पदकं मला स्वतःच्या हातात मिळाली. खाली सही. एवढंच काम.

आत्या म्हणते की माजी सैनिकांच्या निवासात जोडप्याला तळमजल्यावरची खोली मिळते, पण ती फक्त पदकवाल्यांना. बाकीच्यांना पुरुषांचा हॉल. म्हणजे नोंद झाली नाही तर तुम्ही हॉलमध्ये आणि आजी आत्याकडे. अर्ज मार्च संपायच्या आत हवा.

आता मला सांगा, पदकं आहेत कुठे? तुमच्या कपाटात मी लहानपणी सगळं उचकलंय, तिथे नाहीत.

माया आहे तशी राहू द्या, रागवायचं ते उत्तरात रागवा.

तुमचा,
भिंगरी

*

दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

वि. वि. म्हणजे विनंती विशेष. शाळेत टिकला असतास तर पोस्टाने विचारावं लागलं नसतं.

पदकं रिळ्याकडे आहेत. आम्ही दोघं फौजेत टेलिफोनच्या तारा टाकायचो. मी खांबावर चढायचो, तो खाली तारेचं रीळ धरायचा. म्हणून मी खांब्या आणि तो रिळ्या. खऱ्या नावाने आम्हाला फक्त पगाराच्या दिवशी हाक मारत. पुढे मी खांबावरून पडलो, पाय गेला तो गेलाच, आणि इस्पितळातून थेट घरी आलो. पदकं वाटली तेव्हा माझी त्याने घेतली आणि मला लिहिलं की घरी ये आणि घेऊन जा. मी कळवलं, पोस्टाने पाठव. त्याने कळवलं, पदक ही पोस्टाने पाठवायची वस्तू नव्हे, तू ये. मी कळवलं, माझ्याच वस्तूसाठी मी कुणाच्या दारात उभा राहणार नाही. त्याने कळवलं, मग राहू दे. राहू दिलं. तू तर सोड, तुझा बापही तेव्हा रांगत होता.

मी तेव्हा गेलो नाही आणि आताही जाणार नाही. अर्ज पदकांशिवाय करावा. हॉल हवेशीर असतो असं ऐकतो.

पाटीवाल्याकडे टिकून राहा. चार अक्षरं लिहायला शिकलास तरी पुष्कळ.

तुझा,
आजोबा

*

दि. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरी, खुशाल असशील.

यांनी पाकीट टाकायला दिलं, मी वाचून परत चिकटवलं. हॉल हवेशीर असतो म्हणे. यांना उशी बदलली तरी झोप लागत नाही, आणि आता हॉलमध्ये झोपायला निघालेत.

माझ्या गुडघ्याने तिसरा मजला उतरणं आता होत नाही. भाजीवाला खालून ओरडतो, मी वरून दोरीला पिशवी सोडते. लेकीकडे मला काही कमी पडणार नाही, ते मला माहीत आहे. पण मी इतकी वर्षं यांच्याशी भांडतेय. आता कुठे यांना ऐकू कमी यायला लागलंय आणि माझं बोलणं पूर्ण होतं, तर आताच वेगळं व्हायचं का?

तुला एक सांगते, ते यांच्यापुढे काढू नकोस. रिळ्यांची पत्रं यायची तेव्हा हे कुबड्यांवर होते. दार उघडायलासुद्धा मला पाठवायचे. त्या माणसासमोर कुबड्या घेऊन जायचं नव्हतं. बाकी सगळा मानपान वरवरचा.

रिळ्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तुझ्या गावाहून बस जाते. जा आणि घेऊन ये. वाटेत क्रेन दिसली तरी थांबू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस, आणि या म्हातारीला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
आजी

*

दि. २४ फेब्रुवारी
मुक्काम: माळाच

ती. आजोबांस,

सा. न. विनंती विशेष. आता पूर्ण लिहितो.

मी तुम्हाला न विचारता रिळ्यांकडे जाऊन आलो. कुणी पाठवलं ते विचारू नका, तुम्हाला कळलंच असेल.

एक थांबा आधी उतरलो, कारण नदीवरचा जुना पूल पाडत होते. पूल पाडताना तो वाकत नाही, आधी नुसता धूळ सोडतो, हे मला माहीत नव्हतं. असो. रिळ्यांचा मुलगा लाँड्री चालवतो. पुढे इस्त्रीची टेबलं, सगळीकडे वाफ, आणि मागच्या खोलीत खिडकीशी खुर्चीवर रिळे. सुनेने आधीच सांगितलं की ते सकाळी ठीक असतात, दुपार झाली की त्यांचा काळ मागे जातो. मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पुलामुळे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानांकडे पाहिलं, आणि म्हणाले की खांब्या, आलास शेवटी. हे कान मला तुमच्याकडून आलेत असं सगळे म्हणतात, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मी सांगितलं की मी खांब्या नाही, त्याचा नातू. ते एवढे हसले की सुनेने पाणी आणलं. तिला म्हणाले, बघ, याचं पोरगं अजून रांगतंय आणि हा नातवाच्या गप्पा मारतोय, हा पहिल्यापासून असाच फेकतो. मग मला खूप बोलले. एवढा उशीर का केलास, माणूस आहेस की कोण आहेस, वगैरे. ते सगळं तुमच्यासाठी होतं, पण खाल्लं मी.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची डबी काढली. आत चष्मा नाही, तुमची दोन्ही पदकं. सून म्हणाली की सदरा धुवायला टाकला की डबी नव्या सदऱ्यात जाते, आणि स्वतःची पदकं कुठे आहेत ते त्यांना आठवतही नाही.

डबी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. म्हणजे बघा, त्यांचं म्हणणं होतं की खांब्याने येऊन न्यावीत, ते त्यांच्या लेखी झालं. तुमचं म्हणणं होतं की पोस्टाने यावीत, तेही झालं. दोघंही जिंकलात. सोबत पावती आहे, सही करून टाका.

लोभ कमी झाला असेल तर आजीकडून भरून घेईन.

तुमचा,
भिंगरी

*

दि. ३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

डबी पोचली. पावतीवर लिहिलंय की स्वतःच्या हातात मिळाली. ती तुझ्या हातात मिळाली, आणि तीही तू मी आहेस असं समजून. यावर मी सही करणार नाही. फौजेत जे नव्हतं ते लिहिलं नाही, आता खोलीसाठी लिहिणार नाही.

तुझी आजी दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. घरात एवढी शांतता मला सोसवत नाही.

शनिवारच्या बसने येतो. थांब्यावर ये, आणि वेळेवर ये. सकाळीच जायचं, दुपार होऊ द्यायची नाही.

तुझा,
आजोबा

*

दि. ११ मार्च
मुक्काम: माळा, अजून

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार, आणि तुझा गुडघा कसा आहे ते आधी लिही.

आजोबा रविवारी परतले, पण तुला काही सांगितलं नसणार, म्हणून मी लिहितो.

बस वाटेत बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात काय करत होता ते बघायला मी उतरणार होतो, पण आजोबांनी नजरेने बसवून ठेवलं. लाँड्रीत पोचलो तेव्हा दुपार टळून गेली होती. आजोबांनी इस्त्रीचा कोट घातला होता. काठी कधी या हातात, कधी त्या हातात. दारात मला म्हणाले, तू पुढे हो.

रिळ्यांनी मला लगेच ओळखलं, म्हणजे खांब्या म्हणून ओळखलं. मग आजोबांकडे बघत राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचं त्यांनीच ठरवलं. मला हळूच विचारलं, वडील का? आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले, वडीलधाऱ्या माणसासाठी राहावं तसे. मी सांगायला गेलो तर आजोबांनी काठी माझ्या पायावर टेकवली.

मग रिळ्यांनी आजोबांकडे आजोबांची तक्रार केली. म्हणाले, तुमचा मुलगा खांबावर चढला की खाली उतरायचं नाव घेत नाही, तोफा चालू असल्या तरी, आणि खाली मी रीळ धरून उभा असतो याचा त्याला विचार नाही. पडला तेव्हा मीच उचलला. डॉक्टरांनी सांगितलं की पाय राहणार नाही. इस्पितळातून कळवतो की मी ठणठणीत आहे. पत्रात काय, कुणीही चालतं. म्हणून म्हटलं, पदकं देत नाही, आधी इथवर चालत ये, मला बघू दे.

आजी, मी तेव्हा इस्त्रीच्या टेबलावरचं एक बटण घेऊन खेळत होतो, ते खाली ठेवलं. आजोबा जमिनीकडे बघत होते. म्हणाले की हो, पोरगा लहानपणापासून अडेल आहे, आमचंही ऐकत नाही.

रिळे मला म्हणाले, चालून दाखव. मी खिडकीपासून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांना इतकं बरं वाटलं की सुनेला हाक मारून मला परत एकदा चालायला लावलं. मग आजोबांनी कोटातून डबी काढून टेबलावर ठेवली. रिळ्यांनी ती बघितली आणि माझ्यावर चिडले, म्हणाले की दिलेली वस्तू अशी टाकतोस का. डबी उचलून त्यांनी आजोबांच्या हातात दिली, वरून बोटं मिटवली, आणि सांगितलं की त्याचा भरवसा नाही, तुम्हीच सांभाळा.

आजोबांनी तिथेच टेबलावर पावती पसरली आणि माझ्याकडे पेन मागितलं.

सोमवारी खिडकीवरच्या बाईंना पावती दिली. सर्दी बरी झाली आहे. त्यांनी माझ्यासमोर दोन्ही पदकं रकान्यात लिहिली आणि नक्कल दिली, ती आत्याला पाठवली आहे. तळमजल्यावर खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारून ठेव, मी रंग द्यायला येतो.

परतीच्या बसमध्ये आजोबांनी डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. गाव आलं तेव्हा मला विचारलं, मी खरंच एवढा म्हातारा दिसतो का? मी म्हटलं, माझा बाप शोभाल एवढेच. त्यावर ते म्हणाले, निघताना रिळ्याने पुढच्या महिन्यात पोराला घेऊन परत या म्हणून सांगितलंय, तेव्हा तू कुठे पळू नकोस.

जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा भिंगरी,
महिन्यातून एकदा खांब्या