कोलस्लॉ, आग्रह न करता

आई,

तुझी नात जेवत नाही. तू तिला पाहिलं नाहीस, ती जन्मायच्या आधीच तू गेलीस. तेव्हा एवढंच सांगते की तिची हनुवटी तुझी आहे आणि हट्टही तुझाच. अकरावीत आहे. दिवाळीनंतर तिचं जेवण हळूहळू कमी होत गेलं. आधी पोळी अर्धी झाली, मग भात सुटला, आता ताटासमोर बसते आणि वरणात बोट फिरवत राहते. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरतं. धंतोलीतल्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून झाल्या, पोटात काही निघालं नाही. आता मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते. त्या पोरीशी दार लावून बोलतात आणि मग मला आत बोलावून एकच सांगतात, "वाढा आणि बाजूला व्हा. आग्रह करू नका." आता तूच सांग, आपल्या घरात असं कधी कुणी वाढलंय?

मला तर तुझं वाढणंच आठवतं. कोराडीच्या वीज केंद्राचं क्वार्टर, खिडकीच्या गजांवर राखेचा थर, म्हणून तुझी सगळी भांडी कायम झाकलेली. बाबा ड्युटीवरून कुणाला तरी जेवायला घेऊन येतात. पाहुणा पुरे म्हणतो, ताटावर आडवा हात धरतो, आणि तू त्याच्या बोटांच्या फटीतून वरण सोडतेस. गरम वरण! तो बिचारा हात झटकतो, बाबा हसतात, आणि तू म्हणतेस, "लाजून काहून राहिले भाऊ? घ्या ना, घरचंच हाये." उठताना पाहुण्याने पोटावरून हात फिरवला की तुझा जीव भांड्यात पडायचा. मला कावीळ झाली होती तेव्हाही तेच. "माह्यासाठी खाय वं बाई, एवढा एक घास," असं म्हणत म्हणत तू मला अख्खी वाटी संपवायला लावायचीस. मी तेच शिकले. माया करायची म्हणजे आग्रह करायचा, दुसरी रीत मला येत नाही. डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं तर मला तोंडाला चिकटपट्टीच लावावी लागेल.

मध्यंतरी भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही धरमपेठेतल्या एका हॉटेलात गेलो होतो. सगळ्यांची नजर चोरून तिच्या ताटाकडे, आणि ती खिडकीबाहेर बघतेय. तळलेल्या कोंबडीबरोबर प्रत्येकाला एक छोटी वाटी आली होती. पांढऱ्या सॉसात कालवलेली बारीक पत्ताकोबी, थोडं गाजर, थंडगार. कोलस्लॉ म्हणतात त्याला. बाकीच्या पोरांनी त्या वाट्या बाजूला सारल्या होत्या. हिने सहज चमचा घातला. मग पुन्हा घातला. मग भाच्याची वाटी आपल्याकडे ओढली. मी कागदी नॅपकिनच्या घड्या घालत बसले. परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, "मम्मी, ते चांगलं होतं." आई, खाण्याच्या कुठल्याही गोष्टीला तिने चांगलं म्हटल्याला किती काळ लोटला होता! मी सिग्नलवर हेल्मेटच्या आत रडून घेतलं.

पुन्हा त्या हॉटेलात जायला ती तयार होईना. लोक बघतात म्हणे. घरी मागवला तर पाणी सुटलेला आला, तिने झाकण लावून डबा माझ्याकडे सरकवला. मग मी मोबाइलवर बघून स्वतःच करायला घेतला. त्या पांढऱ्या सॉसला मेयोनीज म्हणतात, त्यात अंडं असतं. तुला अंड्याचा वास चालायचा नाही, म्हणून असेल, मी बिनअंड्याची बाटली आणली. पहिल्यांदा पत्ताकोबी मिक्सरमध्ये फिरवली तर तिचा भुगा झाला आणि वाटीत नुसतं पाणी. पुढच्या वेळी बाटलीच नको म्हणून दही टांगून चक्का केला, त्यात साखर आणि मोहरीची पूड घातली. तुझा जावई चाखून म्हणतो, "श्रीखंडात कोबी काहून टाकली वं?" त्यानंतरच्या खेपेला मात्र सगळं जमत आलं होतं. कोबी बर्फाच्या पाण्यात ठेवून कडक केलेली, फडक्यात पिळून कोरडी केलेली, लिंबू, मिरपूड, सगळं बेतशीर. आणि शेवटी माझ्या हाताने, मला न विचारताच, पळीत तेल तापवून मोहरी-हिंगाची फोडणी वर ओतली! चर्र झालं, सॉस फुटला आणि तेल वर तरंगायला लागलं. कोशिंबिरीला फोडणी द्यायची सवय कुणाची ते तुला सांगायला नको. आम्ही तिघं त्या वाटीकडे बघत उभे राहिलो. पोरगी हसली. खूप दिवसांनी हसली, पण खाल्लं काहीच नाही.

काल मी तू दिलेली विळी काढली. चाकूने चिरतात ती काय भाजी असते, असं म्हणून तू ती माझ्या लग्नाच्या सामानात कोंबली होतीस. इथे ओट्याचं स्वयंपाकघर, त्यामुळे ती सिंकखालीच पडलेली असते. जमिनीवर बसले, पाट पायाखाली दाबला आणि कोबी केसासारखी बारीक चिरायला लागले. तशी ती येऊन दाराच्या चौकटीशी टेकून बसली. विचारायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. पण जित्याची खोड.

"काहून जेवत नाही वं माय तू?"

"माहीत असतं तर सांगितलं नसतं का मम्मी? घास तोंडात गेला का घशातच थांबून राहते. मी मुद्दाम नाही करून राहिली."

"मग मी काय करू?"

"मलेच समजून नाही राहिलं, तुले काय सांगू?"

इतके दिवस मला वाटत होतं की तिला कारण माहीत आहे आणि ती लपवतेय. म्हणजे कधीतरी ते बाहेर येईल, मग मी भांडेन, कुणाच्या तरी घरी जाऊन जाब विचारेन, काहीतरी करेन. तिलाच माहीत नाही म्हटल्यावर माझ्या हातातलं सगळंच गेलं. मी मान खाली घालून कोबी चिरत राहिले.

कोलस्लॉ या वेळी बराचसा हॉटेलसारखा झाला. वाटी तिच्यासमोर ठेवली आणि बाजूला झाले, म्हणजे फ्रिजचं दार उघडून उगाच आत बघत राहिले. तिने एक चमचा खाल्ला. आणखी एक खाल्ला. मग चमचा खाली ठेवला. मी शब्दही काढला नाही, तुझी शपथ. पण दाराआडून माझं तोंड तिला दिसत असणार. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चमचा भरला, तोंडात घातला आणि डोळे मिटून घास गिळला.

"बस मम्मी? आता ठीक वाटून राहिलं ना तुले?"

तो घास तिचा नव्हता, माझा होता. आणि मला एकदम दवाखान्यातली तुझी खाट आठवली. तुला पाणी गिळवत नव्हतं, आणि मी पेजेचा चमचा तुझ्या तोंडाशी धरून बसलेली. तू माझ्याकडे बघायचीस आणि तोंड उघडायचीस. मला वाटायचं तुला भूक लागतेय, तू बरी होतेयस. मी व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना फोन करायचे, आईनं आज खाल्लं म्हणून. तू ते घास कसे गिळलेस गं आई? तुला विचारायचं आहे, आणि हे पत्र लिहून कुठल्या पेटीत टाकायची सोय नाही.

माझ्यासाठी खाऊ नको, असं पोरीला सांगायला हवं, एवढं मला कळतं. पण तिने विचारलं तेव्हा मी "हो" म्हणाले. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.