कपातला फेस आणि अण्णांचे माप

ती. सूर्यभानमामांच्या चरणी, आरतीने हातातले पुस्तक (खूण घालून) मिटून केलेला नमस्कार.

आपल्या गुडघ्याचे दुखणे आता जिना चढण्याइतके कमी झाले असेल आणि मामींचा रक्तदाब आपण घरी असतानाही स्थिर राहत असेल, अशी आशा करते. इकडे आई, अण्णा, दोन म्हशी, एक संकरित गाय आणि आपण पाठवलेले कॉफीचे यंत्र असे सर्वजण सुखरूप आहोत. पैकी यंत्राविषयी हे विधान मी थोड्या धाडसानेच करीत आहे. परवा आपण फोनवर त्याची चौकशी केलीत, तेव्हा ‘चांगले आहे’ एवढे बोलून मी फोन आईकडे दिला. ही माहिती अपुरी होती, हे मला मान्य आहे. परंतु फोन कानाला लावला की माझी वाक्ये कर्त्या-कर्मासह कोठे नाहीशी होतात, हे मलाच समजत नाही. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

एम.ए.साठी पुण्याला जावे हे माझ्या मनात बी.ए.चा निकाल लागण्यापूर्वीपासून होते. अण्णांच्या मनात काय आहे ते मात्र मी विचारले नव्हते, कारण विचारण्यासाठी बोलावे लागते. अखेर आईने विचारले. अण्णांचे म्हणणे असे पडले की, मुलीच्या हुशारीविषयी त्यांना तिळमात्र शंका नाही. पण पाहुणे आले की जी मुलगी पुस्तक घेऊन गोठ्यात जाऊन बसते (तेथे उजेड चांगला येतो, असे कारण मी आजवर देत आले), ती पुण्याच्या खाणावळीत दुसरी पोळी तरी मागेल का? योगायोगाने त्याच आठवड्यात टेंबे बाईंचे पत्र आले. विद्यापीठाच्या स्पर्धेत माझा निबंध तपासणाऱ्या त्या याच बाई. शिर्डीला दर्शनासाठी येत आहेत, राहात्यावरूनच जायचे आहे, तेव्हा तासभर आमच्याकडे थांबतील, असा मजकूर होता. अण्णांनी लगेच अट घातली. ‘‘बाईंसंगं अर्धा तास तू एकटीनं बोलायचं. मी दारात बसंन, पर मधी तोंड उघडनार न्हाई. जमलं, तर पुणं.’’

आता अर्धा तास म्हणजे तीस मिनिटे. एवढा वेळ मी कोणाशी बोलल्याची नोंद आमच्या घरात नाही. मात्र बाईंच्या पत्रात शेवटी एक ओळ होती की, त्या चहा घेत नाहीत. कॉफी असल्यास अर्धा कप पुरे. ती ओळ वाचून मला आपल्या यंत्राची आठवण झाली. (कंपनीच्या दिवाळी सोडतीत आपल्याला लागलेले आणि आवाजामुळे मामींनी घराबाहेर काढलेले ते यंत्र तोवर माझ्या करंडकांशेजारी, लोकरीच्या झाकणाखाली मुक्कामाला होते.) मी असा विचार केला की, पाहुणीसमोर कापुचिनो करीत राहिले तर हातांना काम मिळेल आणि बोलण्यास विषयही. त्यानुसार मी कॉफीविषयी चौदा वाक्ये लिहून पाठ केली. त्यांपैकी सहा प्रश्नार्थक होती, जेणेकरून बोलण्याचा बराचसा भार बाईंवर पडावा.

यंत्राबरोबरची माहितीपुस्तिका अकरा भाषांत आहे, मराठीत नाही. शब्दकोश घेऊन मी इंग्रजी पाने वाचली. यंत्रात घालावयाची कॉफीपुडीची बंद कुपी पहिल्या दिवशी मी उलटी बसवली असावी, कारण मळणी यंत्रासारखा आवाज होऊन कपात निव्वळ गरम पाणी आले. आईने त्यात साखर घालून ते पूर्ण प्यायले आणि ‘‘जरा फिक्की हाय, पर वास चांगला हाय,’’ असे म्हणून माझा उत्साह राखला. दुसऱ्या कुपीत कॉफी आली. खरी अडचण दुधाची निघाली. दुधाला फेस आणणारे एक वेगळे भांडे येते (मी त्याला ‘फेसणी’ असा शब्द योजला आहे). त्यात मी म्हशीचे दूध घातले, तेव्हा साय फिरकीला गुंडाळली गेली आणि फेसाऐवजी लोण्याचा गोळा तयार झाला. पुढच्या खेपेस थंड आणि पातळ असे गायीचे दूध घातले, तर फेस झाकण उचलून ओट्यावर आला. अण्णांना हे फार लागले. ज्या यंत्राला म्हशीच्या दुधापेक्षा गायीचे पातळ दूध मानवते, त्या यंत्राची घडणच चुकीची आहे, असे त्यांनी आईला तीनदा सांगितले.

येथे अण्णांच्या स्वभावाविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे. आपले दाजी बावीस वर्षे गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत, हे आपण जाणताच. तेथे दूध मापाने घेतात आणि फॅटवर, म्हणजे स्निग्धांशावर, पारखतात. या बावीस वर्षांत अण्णांचे वैर एकाच गोष्टीशी राहिले आहे, ती म्हणजे फेस. किटली उंच धरून धार सोडली की फेस येतो, आणि फेस आला की माप दुधाआधीच भरते. संस्थेच्या भिंतीवर अण्णांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : ‘फेस बसल्याशिवाय दूध मोजले जाणार नाही.’ मागे वाल्मिक नावाच्या गवळ्याने घाई केली, तेव्हा अण्णांनी त्याला किटलीसह पाऊण तास उभे केले होते. अशा माणसाच्या घरात त्यांच्याच मुलीने निम्मा फेस भरलेला कप पाहुणीपुढे ठेवावा, यातील धोका मला आधीच दिसावयास हवा होता. माझे लक्ष वाक्यांकडे होते.

बाई रविवारी सकाळी दहाला आल्या. स्वभावाने अत्यंत मोकळ्या. अण्णा घड्याळ मांडीवर ठेवून दारात बसले. मी नमस्कार केला आणि बोलण्यास सुरुवात केली; चार मिनिटांत माझी चौदाही वाक्ये संपली. (सहांपैकी चार प्रश्नांना बाईंनी ‘हो’, ‘हो’, ‘नाही’, ‘हो’ अशी उत्तरे दिली. उरलेले दोन प्रश्न मी त्यांच्या उत्तराची वाट न पाहता उच्चारले.) मग मी यंत्र सुरू केले. कप उत्तम उतरला : खाली कॉफी, वर दूध आणि त्यावर दोन बोटे पांढराशुभ्र, घट्ट फेस. पुस्तिकेतील चित्रापेक्षा सरस. बशी आणण्यास मी आत गेले, तेवढ्या अवधीत अण्णांनी वचन न मोडता, म्हणजे तोंड न उघडता, चमच्याने सारा फेस काढून वाटीत टाकला आणि म्हशीच्या दुधाने कप काठोकाठ भरला. मी परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पाहुणीचे नुकसान टाळल्याचे समाधान होते. बाईंनी त्या पांढऱ्या द्रव्याचा एक घोट घेतला आणि ‘‘पौष्टिक आहे,’’ असे म्हटले.

मी दुसरा कप केला. बाईंनी तो उचलण्यास हात पुढे केला, आणि अण्णांचे वचन मोडले. ‘‘थांबा बाई, फेस बसू द्या. मग समजंल आत किती हाय ते.’’

मामा, त्यानंतर काय झाले ते मला नीट आठवत नाही. आई म्हणते की मी कप अण्णांपासून दूर सरकवला आणि बोलू लागले. फेसाखाली कॉफी गरम राहते, फेसामुळे कडूपणा ओठांना आधी लागत नाही, हे सांगितले. सरावात संपवलेल्या नऊ कुप्यांचे, लोण्याच्या गोळ्याचे, फेसणीचे, गोठ्यातल्या उजेडाचे, पुण्याच्या ग्रंथालयाचे, असे काय काय सांगितले. त्यातले एकही वाक्य पाठ केलेले नव्हते. शेवटी म्हणाले, ‘‘अण्णा, हे दूध संस्थेत घालायचं नाही, पाहुणीला द्यायचं आहे. पाहुणचाराला माप कशाला?’’

बाईंनी फेसासकट कॉफी प्यायली. त्यांच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली होती. ती त्यांनी पुसली नाही, आणि अण्णांकडे पाहून हसल्या. निघताना त्या माझ्याशी नव्हे, आईशी बोलल्या. पुण्यात माझी वाट पाहतील, असे म्हणाल्याचे मागाहून समजले.

अण्णांनी निकाल मात्र लगेच दिला नाही. ‘‘आधी फेस बसू दे,’’ म्हणून ते संस्थेत निघून गेले. तो दिवस मी गोठ्यात काढला. (पुस्तक उघडे होते, पान तेच राहिले.) सायंकाळचे दूध घालून ते परतले, हातपाय धुतले, आणि मला बोलावून म्हणाले, ‘‘अर्धा तास ठरला हुता. घड्याळ लावून बघितलं, अठराच मिनिटं भरली. त्यात बी बाईंसंगं चार. बाकीची माझ्यासंगं भांडलीस.’’ मी मान खाली घातली. ‘‘माप कमी भरलं. पर फॅट लई चांगली लागली. जा पुण्याला.’’

तरी मामा, आपल्या यंत्राचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानू? आपली भाची आता बदलली आहे. पुण्याला मी एकटीच एस.टी.ने जाणार आहे, असे अण्णांना ठामपणे सांगितले असून ते त्यांनी अभिमानाने चारचौघांत सांगितलेही आहे. मामींना नमस्कार.

आपली, आता बोलू लागलेली,
आरती

ता. क. : रिकाम्या कुप्या आई घासून ठेवते. हळदीकुंकवाच्या वाणाला शोभतील, असे तिचे मत आहे. यंदा तीस बायका अपेक्षित आहेत. तेव्हा मिळतील तितक्या भरलेल्या कुप्या पाठवाव्यात, रिकाम्या करण्याची व्यवस्था येथे आहे. ही व्यवस्था म्हणजे अण्णा. ते सकाळ-संध्याकाळ कापुचिनो घेतात, फेस मांजरीला देतात.

ता. क. दुसरा : प्रवेशासाठी गुरुवारी हजर राहावयाचे आहे. त्यासाठी आपण बुधवारी सहज शिर्डीला दर्शनास म्हणून यावे आणि परतताना, एस.टी.त जागा रिकामीच आहे अशा अर्थी, मला पुण्यापर्यंत सोबत न्यावे. हे माझे सुचवणे आहे असे अण्णांना सांगू नये. कंडक्टरसाठी मी चार वाक्ये तयार केली आहेत. परंतु त्याने उलट प्रश्न विचारल्यास पाचवे नाही. हे फोनवरही सांगता आले असते, पण फोन मामींनी उचलला तर काय बोलावे, हे ठरलेले नाही.

ता. क. तिसरा : पत्राच्या आरंभी गुडघ्याची चौकशी केली आहे, ती याच कारणाने. एस.टी.ची पायरी उंच असते.