पुडीवरचं नाव: घरचं

१० मे २००९
ती बियाणी गोळा करणाऱ्या संस्थेची पोरगी परत आली. शहापूरवरनं दोन एसट्या बदलून. पाऊसकाळ सगळ्या जगाचा बिघडलाय म्हणे, जुनी बियाणी जपायला हवीत. म्हटलं, आमी काय आजवर फेकत होतो? हे जाऊन तीन वर्षं झाली, ह्यांचं गरवं भात, उशिरा पिकणारं, मी एकटी लावते. पोरगी चिवट. शेवटी पसाभर बी दिलं न् वाटेला लावली. पुडीवर भाताचं नाव काय लिहू, विचारते. नाव कसलं? "घरचं," म्हटलं. तेच लिहिलं तिनं.

२१ मे
रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून राब भाजला. एकटीनंच. दोन माणसांचं काम आहे ते.

९ जून
मृगावर पेरलं. सगळं बी टाकलं. हे दरसाल शेरभर मागं ठेवायचे. मी म्हटलं, कशाला.

१६ जून
रोप बोटभर, हिरवंगार. कोणाला दाखवू? कल्याणला दिनेशला फोन लावला. पोरगा कामात होता.

२४ जून
आभाळ कोरडं ठाक. विहिरीनं तळ गाठला. हंड्यानं शिंपते. शेजारची सगुणा म्हणते, आधी तू पी गो.

३० जून
रोप गेलं. सगळं. बियाचा डबा आपटून बघितला, किडीसाठी घातलेली नुसती राख. मेले, मूठभर ठेवायला काय झालं होतं तुला?

४ जुलै
आता धो धो. दिनेश म्हणतो, धसईच्या दुकानातनं हळवं घे, लवकर तयार होतं, आता सगळे तेच लावतात. खरंय त्याचं. आणलं. पण ह्यांचं भात माझ्या हातानं संपलं. जेवले नाय.

६ जुलै
भांडी घासता घासता आठवलं. ती पुडी! पसाभर असलं तरी दोन सालात वाढवता येईल.

१० जुलै
सगुणाच्या मोबाईलवरनं पोरीला फोन केला. पुडी परत मागितली. म्हणाली, "काकू, 'घरचं' लिहिलेल्या एकवीस पुड्या आहेत आमच्याकडं." नाव विचारलं की सगळ्या बायका हेच सांगतात म्हणे. कोणाची कुठली, तो कागद सापडत नाय. रडकुंडीलाच आली. मला राग येईना.
सोमवारी या, हातात घेऊन ओळखा, म्हणाली.
जाते. दाणा बारीक, टोकाला तांबूस, एवढं ठाऊक. तसे तर पुष्कळ असतील. हे नुसता वास घेऊन सांगायचे. मी कधी घेतला नाय वास. म्हटलं, हे आहेत ना.