लाल ठिपक्याची पट्टी

आप्पा, तुमची हत्यारांची पेटी आज सकाळी माळ्यावरून खाली काढली. झालं असं, की धाकट्या लेकीनं विमान चालवायला शिकायचं मनावर घेतलंय आणि एका कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक आणून माझ्यासमोर ठेवलंय. आता त्याची डिग्रीही मिळते म्हणे, उडण्याच्या तासांचे पैसे वेगळे. शेवटच्या पानावरचा आकडा मी वाचला आणि माझी नजर वर गेली ती थेट तिच्या चष्म्यावर. ओठांवर वाक्य तयारच होतं, ‘चष्मेवाल्यांना घेत नाहीत गं.’ घेतात की नाही, मला काही ठाऊक नाही. वाक्य गिळलं, ‘दुपारी बोलू’ म्हटलं आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. मी तुमच्यावर किती वर्षं चिडून आहे, याची तुम्हाला कल्पना नसेल. तुम्ही गेलात तेव्हा पन्नाशीचे होतात, मी आता बावन्नचा आहे. म्हणजे वयानं तुमच्यापेक्षा मोठा झालोय, तेव्हा आज जरा मोठ्यानं बोललो तर चालेल.

उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीत तुम्ही लाकडाचे पॅटर्न करायचात. मे महिन्याच्या सुट्टीत मी शहापूरहून तुमचा डबा घेऊन यायचो आणि संध्याकाळपर्यंत तिथंच भुशात बसून राहायचो. सागवानाचा पॅटर्न वाळूत दाबायचा, तो काढला की पोकळी राहते, त्या पोकळीत लोखंड ओतायचं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी तुमच्याकडे एक वेगळी स्टीलची पट्टी होती. तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्या, आकडे तेच, खुणा त्याच. घोटाळा होऊ नये म्हणून तुम्ही लांब पट्टीच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका दिला होता. एकदा आईच्या मांडणीसाठी मला दोन फुटांची फळी कापायची होती. मी न विचारता तीच पट्टी दप्तरात घालून घरी आणली. फळी दोन सूत लांब झाली, मांडणीत बसेना. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, पट्टी बघितलीत आणि आईच्या देखत माझ्या कानाखाली वाजवलीत.

“ही लोखंडाची पट्टी हाय,” तुम्ही म्हणालात. “हिनं फळी कापलीस तर लांब व्हती, आन् हाय ती वस्तू मापलीस तर आखूड भरती. घरात हिचं काय काम? परत दिसली तर हात मोडीन.”

आई म्हणाली, “अवो, फळीसाठी पोराला मारताय व्हय?” तुम्ही म्हणालात, “फळीसाठी न्हाय. खोट्या मापासाठी.” हे वाक्य मी विसरलो नाही. विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

मला विमानाचं वेड कुठून लागलं, हे तुम्हीच लोकांना सांगायचात. मी सायकल मारत सांबऱ्याला जायचो आणि विमानतळाच्या धावपट्टीच्या कुंपणाशी उभा राहायचो. तुम्हाला त्याचं कौतुक होतं. फाउंड्रीत मालकाला सांगायचात, “आमचं पोरगं विमान चालवणार हाय,” आणि मालक हसून कानडीत “आयतु, आयतु”, म्हणजे बरं बरं, म्हणायचा. आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी पी. यु. सी. पास झालो, गणितात चांगले मार्क मिळाले आणि बेंगळूरकडच्या एका फ्लाइंग क्लबला पत्र घालून मी माहितीपत्रक मागवलं. ते इंग्रजीत होतं. आई भाकरी थापत होती, तुम्ही चुलीजवळ पाटावर बसला होतात आणि मी एकेक ओळ मराठी करून वाचत होतो. लायसनला दोनशेच्या वर तास उडावं लागतं. विमानाचा एक तास म्हणजे तुमची आठ दिवसांची मजुरी. तुम्ही कागद घेतला नाहीत, पेन्सिल घेतली नाहीत, चुलीतल्या जाळाकडे बघत मनातल्या मनात हिशेब केलात. पाच वर्षांची मजुरी, तीही घरात कुणी काही न खाता. आई म्हणाली, “माझ्या वाटणीचं गुंजी गावातलं शेत हाय की. इका.” तिनं ते इतक्या सहज म्हटलं की भाकरी परतायचीही थांबली नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, “आनि काय काय लिवलंय त्यात?” मी पुढं वाचलं. दृष्टी अशी हवी, दात तसे हवेत, उंची कमीत कमी पाच फूट चार इंच.

दुसऱ्या दिवशी रविवार. तुम्ही सकाळीच म्हणालात, “ये रं, तुझी उंची बघू.” मी दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहिलो. माझ्या डोक्यावर गुण्या, तुमचा सुतारी काटकोन, ठेवून तुम्ही चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारलीत, मला बाजूला केलंत आणि गुडघ्यावर बसून जमिनीपासून वर मापत आलात. शेजारच्या विणकरांच्या मागांचा आवाज चालू होता. तुम्ही दोनदा मापलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, “पाच फूट साडेतीन. अर्धा इंच कमी पडतोय रं तू.” आई हातातलं काम टाकून बाहेर आली. तुम्ही तिलाही तेच सांगितलंत आणि शेताचा विषय तिथंच संपला.

तेवढ्यावर थांबला असतात तरी मी समजू शकलो असतो. पण पुढच्या आठवड्यात तुम्ही फाउंड्रीतून पाइपाचा तुकडा आणलात आणि मधल्या दाराच्या वर दोन्हीकडे भोकं पाडून बसवलात. “रोज सकाळी लोंबकळत जा. अर्धा इंच काय, वाढंल,” असं म्हणालात. तुम्ही दिलेल्या वस्तूंत एवढी पक्की दुसरी नव्हती. भोकाचं माप इतकं अचूक, की पाइप जरासुद्धा हलायचा नाही. सहा महिने मी रोज सकाळी त्या पाइपाला लटकलो. तळहातांना घट्टे पडले. तुम्ही चहा पीत समोर बसायचात, कधी बघायचात, कधी बघायचा नाहीत. दर महिन्याला रेघ मारायचात, रेघ पहिल्या रेघेवरच पडायची आणि तुम्ही म्हणायचात, “पाच साडेतीन.” अर्जाची तारीख निघून गेली, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. तो हात अजून पाठीवर आहे आणि मला तो नको आहे.

दोन वर्षांनी तुम्ही कामावरच गेलात, भर दुपारी, पॅटर्नला पॉलिश मारता मारता. त्याच वर्षी मला पोस्टात नोकरी लागली. मेडिकलला सिव्हिल हॉस्पिटलात कंपाउंडरनं मला उंची मोजायच्या खांबाला उभं केलं आणि आवाज दिला, “पाच फूट चार, वर थोडं.” मी म्हटलं, परत मोजा. त्यानं परत मोजलं आणि म्हणाला, “काय, मिलिटरीत जायचं होतं काय?” घरी आलो, तुमची पेटी उघडली, बिनठिपक्याची पट्टी घेतली आणि चौकटीवरची पहिली रेघ मापली. पाच फूट चार इंच, वर एक सूत. मग लाल ठिपक्याची घेतली. पाच साडेतीन, बरोबर.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, “मलाबी मागनंच कळलं. त्यांच्या तोंडून ‘मला झेपत न्हाय’ असं कधी निघालंय व्हय रं? आन् शेत माझं एकटीचं. उद्या शेत गेलं, तू नापास झालास, तर मी कुठं जाऊ, म्हनून भ्यालं ते.” तिनं तुम्हाला माफ केलं होतं. मी केलं नाही. तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं की, बाबा, एवढे पैसे आपल्याकडे नाहीत आणि तुझ्या आईचं शेत मी विकणार नाही. मी रडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो आणि पोस्टातच गेलो असतो. पण कमी पडत होता तुमचा खिसा, आणि कमी ठरवलंत मला. अठरा वर्षांच्या मुलाला त्याच्या हाडांची लाज वाटायला लावलीत. फळीसाठी मला मारणारे तुम्ही, खोट्या मापाचा एवढा तिटकारा असलेले तुम्ही, तेच माप घरात आणून माझ्या अंगाला लावलंत. फसवलंत मला, आप्पा. हे मी बायकोला सांगितलं, मित्रांना सांगितलं, पोस्टात चहाच्या वेळी निदान पन्नास वेळा सांगितलं. ऐकणारा दर वेळी तुमच्याविषयी वाईट बोलायचा आणि मला बरं वाटायचं.

आता पट्टी समोर आहे. रंग थोडा उडालाय, पण ठिपका अजून हातभर अंतरावरून दिसतो. सांगताना मी नेहमी एक वाक्य घालतो, की माझी पाठ चौकटीला होती, मला पट्टी कुठून दिसणार. पाठ होती ती रेघ मारेपर्यंत. तुम्ही मापायला बसलात तेव्हा मी तुमच्या शेजारीच उभा होतो आणि ठिपका तुमच्या अंगठ्याखालून अर्धा बाहेर आला होता. मी तो पाहिला. ज्या पट्टीपायी कानाखाली खाल्ली, ती मी ओळखणार नाही होय? तोंड उघडायला गेलो आणि उघडलं नाही. आईचं शेत विकून गेलो आणि तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांत टिकलो नाही तर काय तोंड घेऊन परत येऊ, हाच एक विचार आदल्या दिवसापासून चालू होता. तुम्ही ‘साडेतीन’ म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं. मग सुटल्याचाच राग आला आणि तो सगळा मी तुमच्या नावावर टाकला. सहा महिने तुमच्या समोर त्या पाइपाला लोंबकळलो ते उंची वाढावी म्हणून नाही. तुम्हाला बघायला लागावं म्हणून.

धाकटी बाहेरून हाका मारतेय, दुपारी बोलू म्हणालो होतो. तिला आकडा सांगायचाय, आपल्याकडे किती आहे आणि किती नाही ते. हे सगळं लिहिलेला हा कागद पेटीत पट्टीखाली ठेवतोय, दुसरीकडे कुठं ठेवणार. तुम्ही खोटं माप घेतलंत, आप्पा, हे मी अजूनही म्हणतो. पण ठिपका बघितला होता मी, पहिल्याच दिवशी.