मुलींची रांग

२० जानेवारी, मंगळवार

सराव परीक्षा संपली एकदाची! गावडे सर म्हणाले, सात फेब्रुवारीला दहावीचा निरोप समारंभ. प्रत्येकाने एक तरी आठवण सांगायची. पाचवीपासूनची कुठलीही चालेल.

लगेच पोरांचा दंगा सुरू. कॅनॉलला पोहायला गेले आणि सरांनी काठावरचे कपडे उचलून आणले, ते. आठवीत इतिहासाच्या तासाला शेळी वर्गात शिरली, ते. दीपकने तर शेळीचा आवाजच काढून दाखवला. सगळे हसून हसून बाकावर आडवे!

मी पण हसले. ती शेळी माझ्याच बाकाखाली शिरली होती. पण माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

२३ जानेवारी

पाचवीला आम्ही सहा मुली होतो. खरं वाटत नाही आता.

माधवी बारामतीला इंग्लिश मीडियमला गेली, होस्टेलवर. अफशीनच्या अब्बांना भोसरीत काम लागलं. घाडगेंच्या दोघी बहिणी आजोळी इंदापूरला. राहिलो मी आणि छकुली. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत छकुलीचं लग्न झालं. शाळेत तिच्या घरच्यांनी सांगितलं, मामाकडं बावड्याला ठेवली. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. सरांना पण.

दिवाळीनंतर शाळेत गेले तर मुलींच्या बाजूचे दोन बाक पोरांनी उचलून आपल्याकडं नेलेले. बरोबरच आहे, एकटीला किती बाक लागतात! तेव्हापासून माझ्या शेजारी माझं दप्तर बसतं.

मधल्या सुट्टीत आठवीच्या मुलींकडं डबा घेऊन गेले होते. “या ना ताई,” म्हणाल्या, आणि सगळ्या गप्प. माझा डबा संपेपर्यंत गप्प. परत गेले नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. रणवरे मॅडम म्हणाल्या, “दहावीच्या मुली, रांग सरळ!” मग त्यांच्याच लक्षात आलं.

२९ जानेवारी

रात्री जेवताना अकरावीचा विषय निघाला. मी काढला. गणितात सराव परीक्षेला वर्गात पहिली आलेय, सायन्सला बारामतीला जायचंय—एका दमात सांगून टाकलं.

अब्बा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“सोबत कोण हाय तुला?” एवढंच म्हणाले.

अम्मी म्हणाली, “पोरींना एसटीचा पास फुकट हाय.”

“पास फुकट हाय गं. सोबत कुठनं आणायची? हितनं लासुर्ण्याच्या एसटी स्टँडापतूर चालत, दोन्ही बाजूला ऊस. थंडीत तर सकाळी अंधारच असतो. गावातनं एक जरी पोरगी जात आसती, तर ह्यो तिचा बाप अय्युब मुलाणी न्हाय म्हणला नसता.”

पोरं जाणारच आहेत की सगळी. पण पोरांची सोबत म्हणजे सोबत नव्हे. उलट त्याचीच भीती.

अम्मीने ताट उचललं आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. माझ्या बाजूने अजून एक वाक्य बोलली असती तर?

१ फेब्रुवारी, रविवार

माधवीला फोन लावला. विचारायचं होतं, तिच्या होस्टेलवर जागा आहे का, किती पैसे पडतात. “कोण अनिसा?” म्हणाली. मग, “हां हां! अगं क्लास हाय आता, संध्याकाळी करते.”

रात्रीचे दहा वाजले. नाही आला.

४ फेब्रुवारी

आज छकुली भेटली!!

अब्बांना पंक्चरच्या दुकानाचं सामान आणायचं होतं, म्हणून निमगाव केतकीला त्यांच्याबरोबर गेले. बाजार होता. मागून कुणीतरी वेणी ओढली. माझी वेणी ओढणारं आता कोण आहे? वळून बघते तर छकुली. साडीत. डोक्यावरून पदर, हातात मेथीच्या जुड्या. वाळलीये खूप.

“तू अजून शाळेत हायस?” हे पहिलं वाक्य.

निरोप समारंभाचं सांगितलं. पोरं आठवणी सांगतायत, शेळीचं पण सांगितलं. तर ही रस्त्यातच ओरडली, “तुझ्या बाकाखाली! तू माझ्या मांडीवर चढून बसलेलीस!” आणि आम्ही दोघी हसायला लागलो. मेथीवाल्या मावशी बघायला लागल्या. मला वाटतं वर्षभरात मी एवढी हसले नव्हते. सरांची धांदल, शेळीने खाल्लेला नकाशा, तिला सगळं माझ्यापेक्षा जास्त आठवतंय.

मग एकदम हळू आवाजात म्हणाली, “नापास झाले आसते तरी चाललं आसतं गं. पण दहावीला बसायचं होतं.”

मी तिचा हात धरला. तेवढ्यात तिच्या सासूने हाक मारली, “अगं ए, चल की!” गेली. वळून बघितलं नाही तिने.

गाडीवर अब्बांनी विचारलं, “मानसिंगची पोरगी न्हवं ती?” म्हटलं, व्हय.

६ फेब्रुवारी

आज वर्गाचा फोटो. सगळे आकाशी शर्ट घालून आलेले. मी तपकिरी ड्रेस. दीपक म्हणाला, “ग्रुपवर टाकलेलं की. तू ग्रुपवर न्हाईस व्हय?”

नाही मी ग्रुपवर. ग्रुप असतो हेच आज कळलं.

फोटोवाला म्हणाला, “सर, ह्या ताईंना कुठं उभं करू?” सरांनी इकडंतिकडं बघितलं. “मॅडमच्या शेजारी करा.” म्हणून मी मॅडमच्या शेजारी, खुर्चीवर. फोटोत नवीन आलेली शिक्षिका वाटेन.

७ फेब्रुवारी, शनिवार

आधी पोरं बोलली. दीपक बोलता बोलता रडला, कुणाला वाटलं नव्हतं. शेळी झाली, कॅनॉल झाला. शेवटी सर म्हणाले, “आता मुलींच्या वतीने अनिसा.”

मुलींच्या वतीने!

भाषण पाठ केलं होतं. गुरुजनांचे आभार वगैरे. पण ते शब्द ऐकले आणि पाठ केलेलं सगळं उडालं. म्हटलं, आमच्या वर्गात सहा मुली होत्या, त्यांच्या वतीने बोलते. माधवी कविता इतकी चालीत म्हणायची की शेजारच्या वर्गाचा तास थांबायचा. अफशीनला सगळे पक्षी ओळखू यायचे. घाडगेंच्या दोघी रोज भांडायच्या आणि एकाच डब्यात जेवायच्या. आणि शेळी आली तेव्हा सगळे पळाले, तिला कान धरून बाहेर काढलं ते छकुलीने. छकुलीला दहावीला बसायचं होतं. आजच्या समारंभात तिचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मी घेतलं.

खाली बसले. टाळ्या नाहीत. पंखा तेवढा वाजत होता. गावडे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “हं... चला पुढं.” मॅडम मात्र खाली बघत होत्या.

पेढे वाटताना रविराज माझ्यापुढं येऊन थांबला. नववीच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा कुणी पोरगा आपणहून माझ्यापाशी येऊन बोलला.

“तुला मुद्दाम बाजूला न्हाय ठेवलं आमी,” म्हणाला. “एकटी पोरगी. बोललं तर लोक काय बी उठवत्यात. तुझ्यावर.”

“न बोलूनबी काय बरं झालं?”

कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. “अकरावीला येणार न्हवं तू?”

“न्हाय.”

पेढा हातात धरून तो तसाच उभा राहिला. मी चालत घरी आले.

२० फेब्रुवारी

मराठीचा पेपर. रोजा होता, तरी चांगला गेला. शेजारच्या बाकावर दुसऱ्या शाळेची मुलगी! पण परीक्षेत बोलता येत नाही.

१८ मे

निकाल. ८८ टक्के! शाळेत पहिली. अब्बांनी दुकानावर येईल त्याला पेढा दिला, टायर घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला पण. गावभर सांगितलं. अकरावीचं काही बोलले नाहीत.

२६ मे

पोरांचे अर्ज भरून झाले. माझा नाही.

आणि अम्मी! मशीनवर कापड पडून आहे, आणि ही रोज सकाळी आवरून बारामतीला. “काम हाय,” एवढंच सांगते. दिवसभर घरात मी एकटी. भाकरी थापायची, कोंबड्या आत घ्यायच्या. काल तिला म्हटलं, निदान अब्बांशी एकदा बोल तरी. “बघू,” म्हणाली आणि दमून झोपून गेली. कुणालाच काही पडलेली नाही माझी.

३१ मे, रविवार

अम्मीला नोकरी लागली. बारामतीच्या एमआयडीसीत, कपडे शिवायच्या कंपनीत. हे सगळे दिवस ती तिथं काम शिकत होती. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं.

जेवताना अब्बांना म्हणाली, “तुमी सोबत मागत होता. ही घ्या सोबत. उद्या हिचा अर्ज भरा.”

अब्बांनी मान डोलावली.

भांडी घासताना मी विचारलं, एवढा त्रास कशाला घेतलास? ती पातेलं घासतच राहिली.

“सातवीत आमच्या वर्गात पोरगी म्हणून मी एकटीच उरले होते,” म्हणाली. “माझ्यासोबत कुणी आलं न्हाय.”