गाण्यातून काढलेला आवाज

रविवार, संध्याकाळ. बदनापूर.

आज माझं गाणं आलं. आईनं गल्लीतल्या बायकांना चहाला बोलावलं होतं, कारण गाण्याचं धृपद तिचं होतं. कापूस वेचताना ती म्हणायची त्याच ओळी. मी त्या मोबाइलवर तिच्याच आवाजात घेतल्या आणि त्यांच्याभोवती माझा रॅप लिहिला.

मागं गाणं काढणाऱ्या कंपनीचे साहेब मुंबईहून फोनवर म्हणाले होते, "बाईंचा आवाज खरखरीत आहे. आमची गायिका गाईल. नाहीतर गाणं थांबवू." मी "बराबर आहे सर" म्हणालो. एवढंच! भांडलो असतो तर? आईला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी टाळलं.

गाणं सुरू झालं. माझा रॅप संपत आला तसा आईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "थांबा, आता मी येते."

तिच्या जागी भलताच गोड, गुळगुळीत आवाज आला. तिचा हात तसाच वर. अजून मला तो हातच दिसून राह्यला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ही तू न्हाईस!"

आई माझ्याकडं न बघता हसली. "न्हाईच. मीच म्हणलं पोराला, माझा आवाज काढून टाक. मला लाज वाटती."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. तेव्हा तरी खरं बोलायचं. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो ना काकू, आईच नको म्हणली."