कव्हर बदलण्याची कारणे

आर्वी,
१४ डिसेंबर २०२४

ती. देवकाबाई यांस मनकर्णाचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. थंडी बेताची आहे आणि गुडघे तक्रार न करता जिना चढतात. तिकडे रोहण्याला कापसाची वेचणी कुठवर आली, तुमच्या धीरजने तुरीला पाणी दिले की नाही, ते कळवावे. तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहीत आहे; पत्र निदान पोस्टमन हातात देतो.

विषय माझ्या फोनच्या कव्हराचा आहे. क्षुल्लक वाटला तरी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

जुने कव्हर काळे, पुस्तकासारखे उघडणारे होते. ते मी निवडलेले नव्हते. फोन घेतला त्या दुकानात सपना नावाची मुलगी आहे; तिला मी परवा कारण विचारले. ती म्हणाली, "मॅडम, साठीच्या वरच्या लोकाईले आमी काळंच लावून देतो. इचारतच नाई." परिणामी आमच्या वाचनालयात, जिथे दाराशी ट्रेमध्ये फोन ठेवूनच आत बसावे लागते, संध्याकाळी काळ्या कव्हरांची रांग पडलेली असते. तिच्यातून चुकीचा फोन उचलला जाणे यात आश्चर्य काही नाही.

त्या मंगळवारी तेच घडले. माझा फोन महादेवरावांच्या घरी गेला, त्यांचा माझ्या घरी आला. हे गृहस्थ तुमच्या परिचयाचे नाहीत. बियाण्यांचे दुकान त्यांनी मुलाच्या हाती दिले आहे, पत्नी वारल्या आहेत, आणि वाचनालयात ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसून माझ्याशी वाद घालतात. तुम्ही मला केलेला फोन त्यांनी उचलला. पुढचे मी त्यांच्याकडूनच ऐकले.

"काऊन हो, आमच्या मनकर्णाचा फोन तुमच्यापाशी काऊन?"

"बदलून गेला बाई. नेहमीच होते असं."

"नेहमी?" एवढे म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

साक्षीदाराने विचारले तेवढेच सांगावे, असे मी महादेवरावांना सुनावले. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या ननंदेले खोटं सांगू काय मंग?" जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेले असल्यामुळे मला हा मुद्दा मान्य करावा लागला.

म्हणून नवे कव्हर घ्यायला गेले. सपनाने काउंटरवर ढीग घातला. पारदर्शक कव्हर ठशांनी कळकट होते. जाड रबरी कडांचे कव्हर पडण्यापासून वाचवते. पण माझा फोन पडत नाही, बदलतो. दोरीने गळ्यात अडकवायचे कव्हर मी नाकारले, कारण माझ्या वयात पाण्याची बाटली घेऊन शाळेत निघाल्यासारखे दिसणे बरे नव्हे. राहिले हळदीच्या रंगाचे.

"हे तं लग्नातलं वाटून राह्यलं मॅडम," सपना हसत म्हणाली.

मी हसले नाही, परंतु निर्णयही होईना. वस्तू उपयुक्त आहे हे सिद्ध झालेले असताना ती घ्यायला हात अडत असेल, तर कुठले तरी गृहीतक लपलेले असते. ते असे, की कव्हर वेगळे झाले म्हणजे फोन बदलणार नाही. आणि फोन बदलला नाही, तर तो परत द्यायला कोणी येणार नाही, चहा टाकावा लागणार नाही.

बाई, त्या मंगळवारी हातातला फोन माझा नाही हे मला वाचनालयाच्या पायरीवरच कळले होते. त्यांच्या कव्हराची कड टवकलेली आहे. तरी मी तो पिशवीत टाकला आणि घरी आले. महादेवरावांनाही कळले होते. त्यांनी ते उलटतपासणीशिवाय मान्य केले.

त्यांनी मला लग्नाचे विचारले आहे. आकांक्षा म्हणते, "आई, कर." मी उत्तर दिलेले नाही. मुलीची संमती पुरेशी आहे असे तिला वाटते. मला वाटत नाही.

मी तुमच्या भावाची बायको म्हणून तुमच्या घरात आले. ते गेल्यावर येणे-जाणे थांबले असते तर कोणी तुम्हांला दोष दिला नसता. तुम्ही मात्र मला डेंग्यू झाला तेव्हा एस.टी.ने आलात, माझे डोके मांडीवर घेऊन बसलात आणि "मी हाओ न वं" म्हणालात. आपले नाते त्यांच्या असण्यावर उभे नाही, हे तुम्हीच सिद्ध केलेत. मग ते माझ्या एकटेपणावर उभे आहे का? माझे अनुमान, की नाही. परंतु या एका प्रश्नात माझ्या अनुमानाला किंमत नाही, तुमच्या शब्दाला आहे. तुम्ही नको म्हणालात, तर मी वाद घालणार नाही.

हळदीचे कव्हर मी घेतले. आता चुकून काही घडायचे नाही. महादेवरावांच्या दाराशी गेलेच, तर जायचे म्हणून जाईन.

रविवारी वाचनालय बंद असते. तुम्ही फोन केलात, तर मीच उचलेन.

तुमची भावजय, आणि पुढच्या पत्राखालीही हेच लिहिण्याची इच्छा असलेली,
मनकर्णा